दारं कोण धरतं?

१९४६ साली स्टॉकहोमच्या उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिलिएस्ट्रान्ड यांनी मांजरांवरच्या प्रयोगांचा एक निबंध छापला. भूल दिलेल्या मांजराला ऑक्सिजन कमी असलेली हवा दिली की त्याच्या फुप्फुसधमनीतला दाब चढायचा. शुद्ध ऑक्सिजन दिला की उतरायचा. गुदमरल्यावर हा दाब वाढतो हे ब्रॅडफर्ड आणि डीन यांनी १८९४ मध्येच नोंदवलं होतं, पण त्यातून फारसं कुणी काही काढलं नव्हतं.

खरं तर यात चक्रावण्यासारखं बरंच होतं. शरीरात इतरत्र ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या सैलावतात, जास्त रक्त येऊ देतात. फुप्फुसातल्या नेमक्या उलट आकसत होत्या. ऑयलर-लिलिएस्ट्रान्ड यांनी त्याचा अर्थ लावला: शेताला पाणी देताना भिजलेल्या वाफ्याचं दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्याकडे वळवावं, तशी फुप्फुसातली बारीक धमनी हवा न पोचणाऱ्या वायुकोशांचं रक्त तोडते आणि हवेशीर भागाकडे वळवते. मेंदूच्या हुकमाचीही गरज नाही. शरीराबाहेर काढून रक्त खेळवत ठेवलेल्या फुप्फुसातसुद्धा हे घडतं. ऑयलरना १९७० मध्ये नोबेल मिळालं ते मज्जातंतूंच्या रसायनांसाठी. छाती-फुप्फुसांच्या डॉक्टरांच्या तोंडी मात्र त्यांचं नाव या मांजरांमुळेच राहिलंय.

वळवावळवीची एवढी गरज का पडावी? विश्रांतीत वायुकोशांपर्यंत मिनिटाला साधारण ४ लिटर हवा पोचते आणि फुप्फुसांतून ५ लिटर रक्त जातं. बेरजेला हिशेब ठीक. पण सगळी हवा डाव्या फुप्फुसात आणि सगळं रक्त उजव्यात गेलं, तरी बेरीज तीच राहील आणि माणूस मात्र मरेल. जमाखर्च एकेका वायुकोशाचा मांडायला हवा. अमेरिकेत रॉचेस्टरला फेन, रान आणि ओटिस महायुद्धातल्या वैमानिकांच्या श्वासावर काम करत होते. त्यांनी १९४६ मध्येच वायुकोशातल्या ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं आलेखगणित मांडलं, आणि त्याच आलेखावर पुढे हवा-रक्ताच्या प्रमाणाचा हा हिशेब बसला.

कागदावरचं हे गणित जिवंत माणसात दिसलं ते लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात. तिथे सायक्लोट्रॉन होता. त्यात तयार होणाऱ्या किरणोत्सारी ऑक्सिजनचं अर्धायुष्य जेमतेम दोन मिनिटं, म्हणजे वायू बनवला की लगेच वापरायचा. जॉन वेस्ट आणि कॉलिन डॉलरी यांनी हा ऑक्सिजन असलेला कार्बन डायऑक्साइड बसलेल्या माणसाला एका श्वासात ओढायला लावला, श्वास रोखायला सांगितलं आणि छातीवर मोजयंत्रं लावली. जिथे रक्त जास्त वाहतं तिथला वायू ते झपाट्याने उचलून नेणार. १९६० मध्ये त्यांनी आकडे छापले. फुप्फुसाच्या तळाकडून वायू भराभर गेला. शेंड्याला जवळपास तसाच राहिला. कारण साधं गुरुत्वाकर्षण. हवाही तळाशी जास्त जाते, पण रक्ताइतकी नाही, म्हणून हवा-रक्ताचं प्रमाण शेंड्याला ३ च्या वर आणि तळाशी ०.६ च्या आसपास. मोठ्या माणसांचा क्षय बहुधा शेंड्यालाच का धरतो, याचं एक उत्तर इथे मिळतं: तिथे ऑक्सिजन भरपूर, आणि क्षयाच्या जंतूला तो हवा असतो.

म्हणजे निरोगी फुप्फुसातही वाटप समान नसतंच. न्यूमोनियात एखादा खण भरला, दम्यात श्वासनळ्या आवळल्या, की धमन्यांची ही आकसण्याची खोड जीव सावरते.

पण उंचावर तीच खोड अंगाशी येते. तिथे सगळ्याच वायुकोशांत ऑक्सिजन कमी, त्यामुळे सगळीकडेच धमन्या आकसतात, दाब चढतो. आणि जिथे त्या कमी आकसतात तिथल्या केशवाहिन्यांवर सगळा लोंढा येऊन फुप्फुसात पाणी झिरपतं. १९६२ च्या युद्धाच्या वेळी सखल भागातून एकदम हिमालयात नेलेल्या भारतीय जवानांमध्ये लष्करी डॉक्टरांनी फुप्फुसात पाणी भरण्याचा हा आजार मोठ्या संख्येने पाहिला. उपाय दोनच खात्रीचे: ऑक्सिजन देणं आणि रुग्णाला खाली उतरवणं. ते लगेच जमत नसेल तर निफेडिपिन देतात. रक्तदाबावरचं हे जुनं औषध आकसलेल्या धमन्या सैल करतं.