रास लफानचा वायू आणि मिसरची वाट



नवगाव, तेलाचे घाणे, पलटणीतले आपले सुभेदार, यांच्याविषयी इथे पुष्कळ लिहून झाले. आज जरा लांब जायचे आहे. कतारमधल्या रास लफान बंदरात, आणि तिथून मिसर देशात, म्हणजे आजच्या इजिप्तमध्ये. यात आपल्या समाजाचे काय, असे तुमच्यातले काही विचारतील. तुमच्यापैकी बरेच जण लोद, अश्दोद, बेर शेवा, दिमोना इथे राहतात. तुमच्या घरचे दिवे आज मुख्यतः नैसर्गिक वायूवर लागतात, आणि त्या वायूचा मिसरशी जो व्यवहार चालतो तो समजून घ्यायचा तर रास लफान टाळता येत नाही. शिवाय आपण मुळात शनवार तेली. दिव्यात काय जळते आणि ते कुठून येते, याची चौकशी आपण करायची नाही तर कोणी करायची?

मिसर आणि आपला संबंध फक्त पेसाहच्या रात्री वाचण्यापुरता नाही. मध्ययुगात कैरोजवळच्या फुस्तात शहरातले यहुदी व्यापारी तांबडा समुद्र, एडन या वाटेने हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करत. त्यांची पत्रे कैरोच्या सिनेगॉगच्या गेनिझात, म्हणजे जुने कागद टाकायच्या खोलीत, शतकानुशतके पडून राहिली. त्या पत्रांत आपल्या ठाण्याचेही नाव येते. रांबाम फुस्तातलेच रहिवासी. त्यांचा धाकटा भाऊ दावीद जवाहिरांचा व्यापार करी. हिंदुस्थानकडे येताना तो समुद्रात बुडाला आणि त्या दुःखाने रांबाम वर्षभर अंथरुणाला खिळले. हिंदुस्थानातल्या यहुद्यांना शब्बाथ आणि सुंता यांपलीकडे धर्माची माहिती नाही, असे त्यांनी पुढे एका पत्रात लिहिले. ते आपल्याच पूर्वजांविषयी असावे, असे काही अभ्यासक मानतात. सांगायचे इतकेच, की आशियाचा हा किनारा आणि आफ्रिकेतला तो देश यांना जोडणारी वाट जुनी आहे. फक्त माल बदलत गेला. मिरी, कापड आणि मोती गेले, वायू आला.

रास लफान दोहाच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. तिथल्या समुद्राखाली १९७१ साली वायूचा प्रचंड साठा सापडला. हा साठा कतार आणि इराण यांच्यात विभागलेला आहे. वायू नुसता जहाजात भरता येत नाही, म्हणून तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करतात. मग त्याचे आकारमान सहाशेपटीने कमी होते. ज्यांनी रुग्णालयात नोकरी केली त्यांना हे पटकन कळेल. मी विद्यार्थिनी असताना वॉर्डात ऑक्सिजनचे जड सिलिंडर ढकलत न्यावे लागत. पुढे आवारात द्रवरूप ऑक्सिजनची उभी टाकी आली आणि त्या एका टाकीने शेकडो सिलिंडरांचे काम केले. रास लफानचे तंत्र त्याच जातीचे, फक्त अवाढव्य. १९९६ च्या अखेरीस तिथून पहिले जहाज जपानला निघाले. २०१० पर्यंत कतारची क्षमता वर्षाला ७ कोटी ७० लाख टनांवर गेली. आपल्या भारताचाही यात वाटा आहे: पेट्रोनेट कंपनीने १९९९ मध्ये २५ वर्षांचा करार केला आणि २००४ पासून गुजरातेत दहेजला रास लफानचा वायू उतरू लागला.

इजिप्तची गोष्ट नेमकी उलट्या दिशेने गेली. त्याच्याकडेही वायू होता. २००५ मध्ये दमिएत्ता आणि इदकू इथले वायूचा द्रव करण्याचे कारखाने सुरू झाले आणि इजिप्त निर्यातदार झाला. २००८ पासून अल अरीश ते अश्केलोन या समुद्राखालच्या नळाने इस्रायललाही वायू मिळू लागला. पण घरची गरज वाढतच गेली. स्वस्त दराने वीज आणि वायू द्यायची सवय सरकारने लावलेली, आणि कंपन्यांची बिले थकलेली. २०११ च्या उठावानंतर सिनाईतल्या नळावर पुन्हा पुन्हा हल्ले झाले. एप्रिल २०१२ मध्ये इजिप्तने इस्रायलशी केलेला करारच मोडला. त्याच वर्षाच्या शेवटी दमिएत्ताचा कारखाना थांबला. उन्हाळ्यात कैरोत तासन्‌तास वीज जाऊ लागली.

अशा वेळी कतार मदतीला आला. जून २०१२ मध्ये मोहम्मद मोर्सी राष्ट्राध्यक्ष झाले होते. त्यांच्या मुस्लिम ब्रदरहूड संघटनेला कतारचा पाठिंबा होता. त्या एका वर्षात कतारने ठेवी, कर्जरोखे आणि देणग्या मिळून ७०० कोटी डॉलरच्या वर रक्कम इजिप्तला दिली, आणि १० जून २०१३ रोजी पाच जहाजे भरून वायू भेट म्हणून द्यायचे जाहीर केले. भेट तर दिली, पण घ्यायची कशी? इजिप्तकडे वायू बाहेर पाठवायची सोय होती, बाहेरून आलेला द्रव उतरवून घ्यायची नव्हती. मग तोड अशी निघाली, की इजिप्तमधल्या परदेशी कंपन्यांना आपल्या गिऱ्हाइकांना जो माल द्यायचा होता, तो कतारने रास लफानहून परस्पर पोचवावा, आणि तेवढा इजिप्तचा वायू इजिप्तमध्येच राहावा. मुलाचे देणे मामाने परस्पर फेडावे आणि मुलाने आपले पैसे घरखर्चाला ठेवावेत, तसे. रास लफानच्या त्या मालातला एक थेंबही मिसरच्या किनाऱ्याला लागला नाही, तरी मिसरची वीज त्याच्यामुळे चालली.

पुढचे आठ दिवस या कहाणीतले सगळ्यांत विलक्षण. २५ जूनला कतारच्या अमीरांनी आपणहून गादी मुलाला, शेख तमीम यांना दिली. ३ जुलैला इजिप्तच्या सैन्याने मोर्सींना पदावरून काढले. देणारा आणि घेणारा दोघेही बदलले. तरी कतारने भेटीचा शब्द मोडला नाही, जहाजे गेली. कतारविषयी माझ्या मनात बऱ्याच शंका आहेत, हमासच्या पुढाऱ्यांना त्याने दिलेला आसरा मला मुळीच पटत नाही. पण ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. इजिप्तने मात्र मान ताठ ठेवली. कतारच्या २०० कोटी डॉलरच्या ठेवीचे रोखे करण्याची बोलणी फिसकटली, तेव्हा सप्टेंबरमध्ये त्याने ती ठेव परत करून टाकली.

दोन्ही देशांचे संबंध बिघडत गेले, व्यापार मात्र थांबला नाही. २०१५ मध्ये इजिप्तने ऐन सुखना बंदरात वायू उतरवणारी तरंगती जहाजे भाड्याने आणली आणि बाहेरून वायू घेऊ लागला. विकणारे होते युरोपातले मोठे दलाल, आणि त्या दलालांनी भरलेला बराच माल रास लफानचा. ५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, अमिराती, बहारिन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. इजिप्तने आपले आकाश कतारच्या विमानांना बंद केले. दलालांमार्फत येणारा वायू तरीही येत राहिला. इजिप्तचे सुमारे तीन लाख लोक कतारमध्ये कामाला होते, त्यांनाही कतारने घालवून दिले नाही. रास लफानहून अमिरातीला समुद्राखालून नळ जातो, तोही बंद झाला नाही. राजदूत परतले आणि नळ चालू राहिले. बहिष्काराच्या बातम्या वाचताना हे ध्यानात ठेवायला हवे.

आता सुएझ. रास लफानहून युरोपला जाणाऱ्या वायूची जवळची वाट होर्मुझ, बाब अल मंदब आणि सुएझ कालवा अशी. ब्रिटन आणि इटलीला वायू नेणाऱ्या जहाजांसाठी हा कालवा म्हणजे घरचे दार, आणि दाराची किल्ली इजिप्तच्या हाती. सगळ्यांत मोठी जहाजे ३४५ मीटर लांब, एकेकात २ लाख ६६ हजार घनमीटर द्रव. २०१७ च्या त्या पहिल्या आठवड्यात ब्रिटनकडे निघालेल्या दोन जहाजांनी आफ्रिकेला वळसा घालायची दिशा धरली होती. पण इजिप्तने कालवा बंद केला नाही. १८८८ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या तहाप्रमाणे शांततेत आणि युद्धातही कालवा सर्व देशांच्या जहाजांना खुला ठेवायचा आहे, हे त्याने मान्य केले.

इथे आपल्या घरची आठवण येतेच. हाच तह असताना १९४८ च्या युद्धापासून इजिप्तने इस्रायलच्या जहाजांना हा कालवा बंद ठेवला होता. १९५१ मध्ये सुरक्षा परिषदेने बंधने उठवायला सांगितले, तरी काही झाले नाही. आम्ही युद्धात आहोत आणि तहात संरक्षणाची सवलत आहे, असा इजिप्तचा युक्तिवाद असे. जून १९६७ पासून आठ वर्षे कालवा सगळ्यांनाच बंद होता. तो ५ जून १९७५ ला उघडला. कतारशी संबंध तोडले तीही ५ जूनच. त्या वेळी इस्रायलकडे जाणारा माल इतर देशांच्या जहाजांतून न्यायला परवानगी मिळाली. इस्रायलचे निशाण लावलेले जहाज मात्र १९७९ च्या तहानंतरच कालव्यातून गेले, एप्रिलच्या अगदी शेवटी. जे इस्रायलला तीस वर्षे मिळाले नाही ते कतारला भांडणाच्या पहिल्याच आठवड्यात मिळाले. इजिप्त १९७९ पर्यंत बदलला होता, हे एक कारण. दुसरे असे, की कालव्याची जकात हे आता त्याचे पोट आहे. २०२३ मध्ये त्याला १,०२५ कोटी डॉलर मिळाले. मग हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. जानेवारी २०२४ पासून कतारचीही वायूची जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. २०२४ ची जकात ४०० कोटींच्या आसपास आली. शत्रुत्वाने जे नुकसान केले नव्हते ते तिसऱ्याच्या भांडणाने केले.

इस्रायलचे आणि रास लफानचेही एकदा जुळता जुळता राहिले. ऑक्टोबर १९९५ मध्ये अम्मानच्या परिषदेत एन्रॉन कंपनी आणि कतार यांनी इस्रायलला वायू देण्याच्या इराद्यावर सह्या केल्या होत्या. हीच ती एन्रॉन, जिचा दाभोळ प्रकल्प आपल्या कोकणात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने रद्द केला होता, आणि मग पुन्हा घेतला. १९९६ मध्ये दोहात इस्रायलची व्यापार कचेरी उघडली, जानेवारी २००९ मध्ये ती कायमची बंद झाली. वायू काही आला नाही. पुढे इस्रायलला स्वतःच्याच समुद्रात तामार आणि लेव्हियाथान हे साठे सापडले, आणि जानेवारी २०२० पासून अश्केलोन–अरीश नळातून वायू उलट दिशेने, इस्रायलकडून मिसरकडे, वाहू लागला.

कतार आणि इजिप्त यांचे मिटले जानेवारी २०२१ मध्ये. ५ तारखेला अल उलाचा समझोता झाला. त्याच दिवशी कतारचे अर्थमंत्री कैरोत नाईलकाठचे एक मोठे हॉटेल उघडायला हजर होते, कारण ते कतारच्याच पैशाने बांधलेले. २० जानेवारीला संबंध रीतसर सुरू झाले. मार्च २०२२ मध्ये कतारने ५०० कोटी डॉलरच्या गुंतवणुकीचे ठरवले आणि त्याच्या तेल कंपनीने इजिप्तच्या भूमध्य समुद्रातल्या एका क्षेत्रात ४० टक्के वाटा घेतला. २०२४ पासून इजिप्त पुन्हा वायू बाहेरून आणणारा देश झाला आहे. जून २०२५ मध्ये इराणशी लढाई पेटली आणि लेव्हियाथान काही दिवस बंद ठेवावे लागले, तेव्हा इजिप्तमधले खतांचे कारखाने थांबले.

आपल्या समाजातले काही जण आखातात नोकरीला होते, काही जहाजांवर. तुमच्या घरात कोणी सुएझच्या वाटेने गेले असेल, किंवा कालवा बंद असताना केपला वळसा घालून आले असेल, तर साल आणि जहाजाचे नाव आठवेल तसे लिहून कळवा. फोटो असेल तर मागच्या बाजूला काय लिहिले आहे तेही पाठवा.