मँचेस्टरचें गाऱ्हाणें

व्यापारी जेव्हां सरकारदारीं गाऱ्हाणें नेतात, तेव्हां स्वतःच्या नफ्याचें नांव त्यांत सहसा नसतें. बरोबर एखादें उदात्त तत्त्व घेतलेलें असतें. हिंदुस्थानांतील कापडावरील जकातीचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

कावसजी दावर यांची मुंबईंतील गिरणी १८५६ सालीं चालू झाली. पुढें गिरण्या वाढूं लागल्या, तशी लँकेशायरला धास्ती पडली. १८७४ सालीं मँचेस्टरच्या व्यापारी मंडळानें भारतमंत्र्यांकडे अर्ज केला कीं, विलायती कापडावरील ५ टक्के जकात हें हिंदी गिरण्यांना दिलेलें संरक्षण असून तिच्यामुळें गरीब रयतेला कपडा महाग पडतो. वस्तुतः ती जकात केवळ उत्पन्नासाठीं होती. परंतु लँकेशायरचीं मतें कोणत्याच पक्षाला गमवावयाचीं नव्हतीं. १८७७ सालीं कॉमन्स सभेनें जकात उठविण्याचा ठराव केला. १८७९ सालीं लॉर्ड लिटन यांनीं आपल्या कौन्सिलचें बहुमत डावलून जाडें कापड जकातमुक्त केलें. आणि १८८२ सालीं उरलेली जकातही गेली.

मुंबईकर गिरणीवाल्यांचाही संघ १८७५ सालीं स्थापन झाला होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर लावूं नये असें सांगणारा १८८१ चा कायदा होऊं घातला, तेव्हां त्यांना तो लँकेशायरचा कावा वाटला. कावा त्यांत होताही. पण पोरें राबत होतीं हेंही खोटें नव्हतें.

१८९४ सालीं रुपयाचा भाव उतरून तिजोरींत तूट आली आणि डिसेंबरांत जकात परत बसली; मात्र देशी गिरण्यांच्या २० नंबरांपेक्षां बारीक सुतावर तितकाच कर लादून! तेवढ्यानेंही मँचेस्टरचें समाधान झालें नाहीं. १८९६ सालीं सूत मोकळें करून विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात व हिंदी गिरण्यांच्या सरसकट सर्व कापडावर साडेतीन टक्के कर ठरला. म्हणजे ज्या जाड्याभरड्या धोतराशीं लँकेशायरची स्पर्धा जवळजवळ नव्हतीच, त्यावरही कर आला. १८७४ सालीं ज्यांचा एवढा कळवळा आला होता, तीच ही गरीब रयत!

१९१७ सालीं युद्धासाठीं हिंदुस्थाननें दहा कोटी पौंडांचा भार पत्करला, तेव्हां जकात साडेसात टक्के करण्यांत आली. लँकेशायरचें शिष्टमंडळ धांवलें, पण यावेळीं ऐकून घेतलें गेलें नाहीं. देशी कापडावरील कराची वसुली १९२५ च्या डिसेंबरांत थांबली व पुढील वर्षीं तो रद्द झाला. तोंवर जपानी माल बाजारांत शिरला होता, आणि संरक्षक जकातीसाठीं अर्ज घेऊन सरकारदारीं आतां मुंबईचे गिरणीमालक उभे होते.