विंचेस्टरचा पाणबुड्या

इंग्लंडमधील कॅथेड्रलांचा इतिहास सांगताना राजे, बिशप आणि वास्तुविशारद यांची नावे घेतली जातात. विंचेस्टर येथे मात्र एका पाणबुड्याचे नाव घ्यावे लागते.

१०७९ मध्ये बिशप वॉकलिन याने या नॉर्मन कॅथेड्रलच्या बांधकामास आरंभ केला. जागा इचन नदीच्या खोऱ्यातली, पाणथळ. तेराव्या शतकात पूर्वेकडचा भाग वाढवताना पायाखाली बीच वृक्षाचे ओंडके अंथरण्यात आले. ओंडक्यांखाली पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा मऊ थर, आणि त्याच्याही खाली घट्ट खडी होती. एवढा दगडी भार त्या मऊ थरावर शतकानुशतके दबत राहिला. १९०५ च्या सुमारास भिंती कलल्या, भेगा रुंदावल्या. (जेन ऑस्टेनची कबर याच छताखाली आहे.)

खडीपर्यंत खणून नवा पाया घालावा, असे ठरले. पण खड्डा खणला की त्यात पाणी भरे. पंपाने ते उपसावे, तर पाण्याबरोबर मातीही वाहून जाऊन भिंतच खचण्याची भीती. अभियंता फ्रान्सिस फॉक्स याने उलटा विचार केला: पाणी असू द्यावे, त्यात माणूस उतरवावा.

तो माणूस म्हणजे विल्यम वॉकर. १९०६ ते १९११ या काळात, अंगावर पाणबुड्याचा अवजड पोशाख चढवून, तो रोज सुमारे सहा तास भिंतींखाली काम करीत असे. पीटमुळे पाणी इतके गढूळ, की दिव्याचा काही उपयोग नव्हता. सारे काम हातांनी चाचपून चाले. तो पीट खरवडून काढी आणि खडीवर काँक्रीटची पोती रचून तळ बंद करी. मग पाणी उपसून गवंडी विटांचे काम करीत. या कामात सुमारे २५,००० पोती आणि ९ लाख विटा लागल्या.

१५ जुलै १९१२ रोजी आभार-प्रार्थना झाली. राजा पंचम जॉर्ज उपस्थित होता. वॉकरचा गौरवही झाला. १९१८ च्या इन्फ्लूएंझाच्या साथीत तो मरण पावला.

पुढे १९६० च्या दशकात कॅथेड्रलमध्ये त्याचा छोटा पुतळा बसवण्यात आला. पोशाख पाणबुड्याचा, चेहरा मात्र अभियंता फॉक्सचा! शिल्पकाराने छायाचित्रातला भलताच माणूस वॉकर समजला होता. ही चूक दुरुस्त करून खऱ्या वॉकरचा पुतळा तेथे बसला तो २००१ मध्ये.