पेटीतला संगणक

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या माणसाकडे आपला समाज काहीसा कौतुकाने आणि काहीसा संशयाने पाहात आला आहे. नाणी, समया, अडकित्ते जमविणाऱ्यास आपण रसिक म्हणतो; बंद पडलेले संगणक घरात आणून ठेवणाऱ्यास मात्र त्याच्या घरची माणसेच भंगारवाला म्हणतात. अशा या उपेक्षित संग्राहकांत एक निराळी जात आहे. तिचा ओढा उचलून नेता येणाऱ्या जुन्या संगणकांकडे. ही मंडळी असे यंत्र शोधून काढतात, खपून दुरुस्त करतात, काही काळ वापरतात आणि मग आपल्यासारख्याच दुसऱ्या हौशी माणसाच्या स्वाधीन करतात. मिळविणे हा संग्राहकाचा स्वभावच होय. परंतु मिळविलेले सोडून देणे ही रीत त्या स्वभावाच्या अगदी उलट. ती या छंदात का रुजली, हे समजून घ्यावयाचे तर या यंत्रांचे कूळ थोडे पाहावयास हवे.

संगणक बरोबर घेऊन हिंडता यावे ही कल्पना तसे यंत्र निघण्यापूर्वीची आहे. १९७२ साली ॲलन के या शास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात असताना ‘डायनाबुक’ या यंत्राची कल्पना एका निबंधात मांडली. वहीएवढा, मुलांनी हिरवळीवर बसून वापरावा असा तो संगणक होता. पण तो कागदावर. तीन वर्षांनी, १९७५ साली, आयबीएम कंपनीने ‘५१००’ हा नेता-आणता येणारा संगणक विक्रीस काढला. त्याचे वजन सुमारे २५ किलो आणि किंमत ८,९७५ डॉलरांपासून पुढे! तो उचलावयास बळकट खांदा आणि विकत घ्यावयास त्याहूनही बळकट तिजोरी लागे.

त्याच १९७५ सालच्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका घराच्या मोटारखान्यात काही हौशी मंडळी जमली. ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेले मंडळ ते हेच. ज्याच्यापाशी सुटा भाग आहे त्याने तो आणावा, ज्याला माहिती आहे त्याने ती सांगावी, असा तेथील शिरस्ता. पुढे मोठ्या सभागृहात भरू लागलेल्या या बैठकींचे सूत्रचालन ली फेल्सन्स्टाइन हा अभियंता करी. देवघेवीच्या या वृत्तीस दुसरी बाजूही होती. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स या वीस वर्षांच्या तरुणाने हौशी मंडळींना एक उघडे पत्र लिहिले आणि तुम्ही आमचे प्रोग्रॅम पैसे न देता उतरवून घेता, ही चोरी होय, असे रोखठोक बजावले. काय वाटून घ्यावे आणि काय घेऊ नये, हा वाद या छंदाच्या जन्मापासूनचाच आहे.

या बैठकींना आपली पुस्तके विकावयास येणारा एक उंचापुरा लेखक होता. त्याचे नाव ॲडम ऑस्बोर्न. त्याची हकीकत आपणा भारतीयांस जवळची वाटावी अशी आहे. त्याचा जन्म १९३९ साली बँकॉक येथे झाला. वडील आर्थर ऑस्बोर्न हे इंग्रज, तर आई पोलिश. दुसऱ्या महायुद्धात वडील जपान्यांच्या कैदेत सापडले. आई मुलांसह तमिळनाडूत तिरुवण्णामलै येथे, रमण महर्षींच्या आश्रमाच्या आसऱ्याने राहिली. ॲडमचे बालपण असे अरुणाचलाच्या पायथ्याशी गेले. पुढे तो इंग्लंडात शिकला, अमेरिकेत जाऊन रसायन-अभियांत्रिकीत डॉक्टर झाला, आणि अखेर नव्याने निघालेल्या सूक्ष्म संगणकांवर सोपी पुस्तके लिहून व प्रकाशित करून त्याने नाव मिळविले. तो प्रकाशनव्यवसाय विकल्यावर त्याने फेल्सन्स्टाइनला हाताशी धरले आणि एप्रिल १९८१ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या संगणक-जत्रेत आपले यंत्र लोकांपुढे ठेवले.

‘ऑस्बोर्न १’ बंद केला म्हणजे शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसे. झाकण उघडले की झाकणाच्या आतच कळफलक, समोर दोन फ्लॉपी-चालक आणि त्यांच्यामध्ये अवघ्या ५ इंचांचा पडदा. पडद्यावर एका वेळी ५२ अक्षरांच्या २४ ओळी मावत. त्याहून लांब ओळ वाचावयाची तर पडदा बाजूस सरकवीत न्यावा लागे. स्मृती ६४ किलोबाइट. वजन ११ किलोंच्या आसपास, म्हणजे दहा किलो तांदळाची पिशवी हाती घेऊन विमान गाठण्यासारखेच. पेटी विमानातील आसनाखाली बसे. पण बॅटरी नसल्यामुळे भिंतीतील विजेशिवाय ती मुकी. किंमत मात्र १,७९५ डॉलर, आणि तीत मजकूर लिहिण्याचे, हिशेबाचे असे प्रोग्रॅमही आलेच. सर्वोत्तम नव्हे पण पुरेसे द्यावे, हे ऑस्बोर्नचे सूत्र होते. ते लोकांना पटले. भराच्या काळात महिन्याला दहा हजार यंत्रे खपली.

हे वैभव दोनच वर्षे टिकले. १९८३ च्या आरंभी ऑस्बोर्नने आपल्या पुढच्या, अधिक चांगल्या यंत्राची वाच्यता केली. गिऱ्हाईक नव्याची वाट पाहू लागले आणि जुन्याची विक्री बसली. अवेळी केलेल्या घोषणेने स्वतःचाच माल पाडणे, यास व्यापारी जगात आजही त्याच्याच नावाने ओळखतात. दुसरे कारणही तितकेच खरे होते: ‘कायप्रो’ कंपनीने तेवढ्याच मोलात ९ इंचांच्या पडद्याची पत्र्याची पेटी बाजारात आणली होती. आर्थर क्लार्क यांनी श्रीलंकेत बसून आपल्या ‘२०१०’ या कादंबरीवरील चित्रपटासंबंधी अमेरिकेतील दिग्दर्शकाशी पत्रव्यवहार केला, तो अशाच कायप्रोवरून. सप्टेंबर १९८३ मध्ये ऑस्बोर्नच्या कंपनीचे दिवाळे निघाले.

येथूनच आपल्या विषयाचा खरा धागा हाती येतो. कंपनी बुडाली, पण यंत्रे लोकांच्या घरी होतीच. दुरुस्ती कोण करणार? नवे प्रोग्रॅम कोण देणार? हे काम वापरणाऱ्यांच्या मंडळांनी अंगावर घेतले. ‘फर्स्ट ऑस्बोर्न ग्रुप’ हे त्यांतील एक मोठे मंडळ. सभासदांनी आपले नियतकालिक चालविले, सर्वांस मोकळे असलेले प्रोग्रॅम फ्लॉपींवर उतरवून एकमेकांस दिले, आणि पुढे त्याच कार्यप्रणालीवर चालणाऱ्या इतर यंत्रांनाही आपल्यात घेतले. निर्मात्याने सोडलेल्या यंत्राचे पालकत्व वापरणाऱ्यांनी घ्यावयाचे, ही रीत तेव्हापासूनची. आजचे संग्राहक त्याच घराण्यातले.

मधल्या काळात या यंत्रांचे कूळ वाढत गेले. १९८२ साली ‘ग्रिड कंपास’ आला. बिल मॉग्रिज याने आखलेले त्याचे मॅग्नेशियमचे कवच पुस्तकासारखे मिटे. आजच्या प्रत्येक लॅपटॉपची ठेवण तेथून निघाली. किंमत आठ हजार डॉलरांच्या वर असल्यामुळे तो सामान्य माणसाच्या हाती पडला नाही. अंतराळयानात मात्र गेला. त्याच सुमारास ‘एप्सन एचएक्स-२०’ हा कागदाच्या पानाएवढा संगणक छपाईयंत्र पोटात घेऊन आला. १९८३ मध्ये ‘कॉम्पॅक’ची १३ किलोंची पेटी आयबीएमचेच प्रोग्रॅम चालवू लागली आणि पहिल्याच वर्षी ५३,००० खपली. त्याच वर्षी ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ निघाला: वजन दीड किलोंच्या आत, आठ ओळींचा पडदा, आणि चार साध्या पेन्सिल-सेलांवर वीस तासांपर्यंत काम. गावोगाव हिंडणाऱ्या अमेरिकन वार्ताहरांनी तो उचलून धरला. बातमी लिहावी आणि टेलिफोनच्या तारेवरून कचेरीत धाडावी. गंमत अशी की, या यंत्रातील प्रोग्रॅमांचा बराच भाग त्याच बिल गेट्सने आपल्या हाताने लिहिला होता. ज्या हौशी जमातीवर त्याने चोरीचा आळ घेतला, तिच्याच वारसदारांनी त्याचे हे हस्तलिखित आजवर जिवंत राखले आहे.

‘जिवंत राखणे’ हा शब्द येथे अलंकारासाठी वापरलेला नाही. ही यंत्रे कपाटात नुसती पडून राहिली तरी मरतात. घड्याळ किंवा स्मृती चालू ठेवण्यासाठी अनेकांच्या पोटात निकेल-कॅडमियमची एक बारीक बॅटरी कायमची डाखलेली असते. वर्षे लोटली की ती पाझरते. तिच्यातील क्षार तांब्याच्या रेषांवरून पसरतो, हिरवट थर धरतो आणि मंडलाचा फळा खाऊन टाकतो. विद्युत्पुरवठ्यातील कागदी धारित्रांस तडे जाऊन त्यांत दमट हवा शिरते. मग कित्येक वर्षांनी हौसेने कळ दाबली की धूर निघतो. कॉम्पॅकच्या कळांखाली फोमच्या चकत्या असतात. त्यांचा भुगा होतो आणि कळा मुक्या होतात. द्रवस्फटिकाच्या पडद्यावरील पापुद्रा कुजतो, त्यास आंबूस वास येतो. फ्लॉपीवरील चुंबकीय अक्षरे पुसट होत जातात. पोथी रुमालात घट्ट बांधून माळ्यावर टाकली की तिला कसर लागते. जी पोथी उघडली जाते, वाचली जाते, जिची नक्कल होते, ती टिकते. या यंत्रांची गत तीच आहे.

आता एका माणसापाशी चाळीस यंत्रे असली तर तो कितींची पेटी वेळच्या वेळी उघडणार? नोकरी, संसार, दुखणी-बाणी सांभाळून एखाद्याचे लक्ष चारपाच यंत्रांवर राहू शकते. बाकीची त्याच्या मालकीची असूनही बेवारशी असतात. देऊन टाकण्याची रीत रुजली ती या हिशेबातून. तिला औदार्य म्हणण्यापेक्षा काळजीची वाटणी म्हणणे अधिक बरोबर होईल. दहा घरांत वाटली गेलेली चाळीस यंत्रे एकाच घरातील चाळीस यंत्रांपेक्षा अधिक काळ जगतात.

या देवघेवीस मेळेही आहेत. कॅलिफोर्नियात १९९७ पासून जुन्या संगणकांचा उत्सव भरू लागला. पुढे तसे मेळे अमेरिकेच्या इतर भागांत व युरोपातही भरू लागले. तेथे यंत्रे मांडलेली असतात, चालू असतात, आणि काही विकावयास ठेवलेली असतात. जाणता माणूस यंत्र देताना त्याचे दोष आधी सांगतो. पाझरणारी बॅटरी काढल्याशिवाय ते धाडीत नाही. काचेच्या पडद्याची मान नाजूक असते, म्हणून पेटीभोवती चहूकडून चांगली चार बोटे मऊ भरण घालतो. फ्लॉपी-चालकाच्या तोंडात पुठ्ठा सरकवून आतील शीर्षे सांभाळतो. यंत्राबरोबर त्याची मूळ पुस्तिका, पिशवी आणि विजेचा अडॅप्टर दिलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह असतो. मॉडेल १०० च्या अडॅप्टरची मधली पिन ऋण असते, आजच्या बहुतेक अडॅप्टरांच्या नेमकी उलट. एवढी एक ओळ चिठ्ठीवर लिहून दिली नाही तर घेणारा भलताच अडॅप्टर जोडावयाचा. अमेरिकेत ११० व्होल्टांवर चालणारे आणि दाब बदलण्याची सोय नसलेले यंत्र आपल्या २३० व्होल्टांवर तसेच लावले तर तेही वाचत नाही. यंत्र हातातून हातात जाते तेव्हा असे ज्ञानही जावे लागते. नाही तर गेला तो नुसता सांगाडा.

या छंदात सारेच सज्जन आहेत असे नव्हे. धडधाकट यंत्र फोडून त्याचे भाग सुटे विकणारे आहेत, केवळ कळफलकासाठी अख्खा संगणक मोडीत काढणारे आहेत, भाव चढावा म्हणून गोदामात यंत्रे कोंडून ठेवणारेही आहेत. उलट पक्षी, यंत्रे वस्तुसंग्रहालयातच का देऊ नयेत, असाही प्रश्न विचारला जातो. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू येथे संगणकांच्या इतिहासाचे मोठे संग्रहालय आहे आणि त्याचे कार्य मोलाचेच आहे. परंतु एकाच जातीची शेकडो यंत्रे कोणतेही संग्रहालय ठेवून घेणार नाही. शिवाय काचेआडच्या यंत्राच्या कळा दाबता येत नाहीत. पाच इंचांच्या पडद्यावर सबंध पान लिहिताना डोळ्यांस काय होते, आठच ओळी दिसत असल्या की लिहिणारा कसे नेमके लिहितो, हे कळावयास यंत्र हातीच घ्यावे लागते.

ॲडम ऑस्बोर्न आजारी अवस्थेत १९९२ साली भारतात परतला आणि मार्च २००३ मध्ये कोडाईकनाल येथे वारला. जगाला संगणक उचलून नेण्यास शिकविणारा हा माणूस जेथे लहानाचा मोठा झाला, त्याच तमिळ भूमीत निवर्तला. त्याची कंपनी दोन पिढ्यांपूर्वीच विस्मृतीत जावयाची; ती गेली नाही, याचे श्रेय त्याच्या पेट्या झाडूनपुसून पुढच्याच्या हाती देणाऱ्या अनामिकांना आहे.

आपल्याकडेही घरोघरी माळ्यावर एखादा जुना लॅपटॉप पडलेला असतोच. दिवाळीच्या झाडलोटीत तो हाती लागला तर लगेच मोडीत घालू नये. बॅटरी सहज निघत असेल तर काढून ठेवावी. फुगलेली असेल तर तिला न छेडता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावी. आपली कागदपत्रे व छायाचित्रे उतरवून घ्यावीत. अडॅप्टर शोधून यंत्राबरोबर बांधावा, आणि हे यंत्र कोणी, कधी, कशासाठी घेतले होते ते चार ओळींत लिहून आत ठेवावे. मग ज्याला त्याची हौस आहे असा एखादा मुलगा वा मुलगी ओळखीपाळखीत शोधून त्याच्या हाती ते द्यावे. उचलून नेण्यासाठीच जी वस्तू घडविली गेली, ती कोणीतरी उचलून नेली पाहिजे.