लहान लॅपटॉपचे आयुष्य कोण ठरवते? श्रीपेरुंबुदूरच्या निमित्ताने एक छोटा इतिहास

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. त्या दिवशी कोणत्याही लॅपटॉपचा पडदा विझला नाही की कळफलक निकामी झाला नाही. तरीही जगभरातील कोट्यवधी चालते संगणक त्या तारखेनंतर 'जुने' ठरले, कारण पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. यंत्र झिजल्यामुळे म्हातारे होते, हा चरख्यापासून शिवणयंत्रापर्यंतचा अनुभव. संगणकाच्या बाबतीत मात्र म्हातारपण बाहेरून जाहीर होऊ शकते. हे कसे घडत गेले, याचा इतिहास लहान लॅपटॉपच्या कहाणीत सर्वांत स्पष्ट दिसतो, आणि त्या कहाणीचे काही महत्त्वाचे धागे तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर या गावाशी येऊन मिळतात.

चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर हे गाव आहे. वैष्णव परंपरेला ते रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून वंदनीय. देशाच्या अलीकडच्या स्मृतीत ते २१ मे १९९१ या तारखेशी बांधलेले आहे. राजीव गांधी यांची हत्या येथेच झाली. याच राजीव गांधींच्या सरकारने नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण जाहीर करून संगणकाच्या आयातीवरची व निर्मितीवरची बंधने सैल केली होती. त्यांच्याच कारकिर्दीत, १९८८ साली, पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. ज्या गावी त्या पंतप्रधानांचा अंत झाला, तेच गाव पुढे दीड दशकात देशातील इलेक्ट्रॉनिक उत्पादनाचे एक मुख्य ठाणे बनले. नोकियाने २००६ मध्ये येथे मोबाइल बनवायला सुरुवात केली. २००७ मध्ये डेलचा संगणक जुळणीचा कारखाना सुरू झाला.

२००७ हे वर्ष लहान लॅपटॉपच्या इतिहासात विशेष आहे. त्या वर्षी चार वेगवेगळ्या प्रवाहांना एकाच वेळी गती मिळाली. श्रीपेरुंबुदूरला डेलचा कारखाना उभा राहिला. सी-डॅकने चेन्नईत घडवलेली 'बॉस' ही डेबियन लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली बाहेर पडली. तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय होती. तैवानच्या असुसने ऑक्टोबरात 'ई पीसी ७०१' आणला आणि 'नेटबुक' या जातीचा जन्म झाला. आणि रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट या छोट्या वस्तीतील एकशिक्षकी शाळेत, निकोलस निग्रोपाँटे यांच्या 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या चळवळीचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. मुलांच्या हाती पडलेले ते हिरवे-पांढरे यंत्र म्हणजे 'एक्सओ-१'.

एक्सओची घडण आजही विचार करायला लावते. ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी स्मृती, १ जीबी साठवण. आजच्या साध्या फोनपुढेही हे नगण्य. स्मृती पाटावर डाखलेली असल्याने ती वाढवता येत नव्हती. परंतु यंत्र सामान्य स्क्रू-ड्रायव्हरने उघडत असे, पडदा बदलता येत असे, आणि जादा स्क्रू त्याच्या मुठीतच ठेवलेले असत. मुलांनी ते स्वतः दुरुस्त करावे, हीच मूळ कल्पना. पुढे 'एक्सओ-१.५' आला तेव्हा कवच तेच ठेवून आतला मदरबोर्ड बदलण्यात आला. स्मृती १ जीबी झाली. जुन्या देहात नवे काळीज बसवण्याचा हा मार्ग लॅपटॉपच्या दुनियेत फारच थोड्यांनी चोखाळला.

असुसच्या यंत्राने उलटा रस्ता दाखवला. त्यातली ४ जीबीची साठवण डाखलेली होती, पण तळाच्या झाकणाखाली ५१२ एमबी स्मृतीची पट्टी खाचेत बसवलेली होती. दोन स्क्रू काढले की ती काढून मोठी पट्टी लावता येई. भारतात एचसीएलने जानेवारी २००८ मध्ये 'मायलीप' मालिका आणली. तिची किंमत १३,९९० रुपयांपासून सुरू होत होती. त्याच वर्षी इंटेलचा 'ॲटम एन२७०' प्रोसेसर आला आणि सप्टेंबरात डेलने 'इन्स्पिरॉन मिनी ९' बाजारात उतरवला. चेन्नईच्या रिची स्ट्रीटपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंतच्या दुकानांत या छोट्या यंत्रांची तळझाकणे उघडली जाऊ लागली.

उघडल्यावर आत काय दिसे, हे समजून घेण्यासारखे आहे. एन२७० हा प्रोसेसर जेमतेम अडीच वॉट उष्णतेच्या हिशेबाने बनवलेला होता. त्याच्या सोबतीला दिलेला ९४५जीएसई हा चिपसेट मात्र जुन्या पिढीचा, आणि तो एकटाच सहा वॉटच्या घरात जाई. म्हणजे चालकापेक्षा मदतनिसाची भूक मोठी. हा चिपसेट २ जीबीपेक्षा अधिक स्मृती ओळखत नसे, म्हणून या पिढीतील यंत्रांची वाढ २ जीबीवरच थांबते. खाचेत ४ जीबीची पट्टी बसवली तरी उपयोग नाही. पण बहुतेक नेटबुके तर १ जीबी स्मृतीवरच विकली गेली. त्याचे कारण परवान्यात होते. मायक्रोसॉफ्टने स्वस्त लहान संगणकांसाठी विंडोज एक्सपी सवलतीत देताना पडद्याचा आकार, साठवण आणि स्मृती यांवर कमाल मर्यादा घातली होती. यंत्र मुद्दाम अर्धे ठेवून विकले जाई, आणि दुसरे अर्धे ग्राहकाने रस्त्यावरच्या दुकानातून भरून काढावे अशी वेळ येई.

म्हणूनच जुना लहान लॅपटॉप सुधारण्याची रीत गेली पंधरा वर्षे जवळजवळ तशीच राहिली आहे. पहिली पायरी साठवणीची. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या सुईला हव्या त्या जागी पोहोचायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. एसएसडीत हलणारा भागच नसल्याने तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात होते. प्रोसेसर तोच असतानाही यंत्र एकदम तरुण वाटू लागते, त्याचे रहस्य एवढेच. दुसरी पायरी स्मृतीची. तिसरी साफसफाईची: पंख्यातली धूळ काढणे आणि प्रोसेसरवरचा वाळलेला उष्णतावाहक लेप बदलणे. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, त्यामुळे या साध्या कामाचाही परिणाम मोठा असतो. नंतर बॅटरी आणि वाय-फाय कार्ड. या शेवटच्या पायरीवर अनेकांना पहिला खरा अडथळा भेटतो. कार्ड खाचेत नीट बसते, पण काही उत्पादकांचे बायोस केवळ मान्यताप्राप्त कार्डांची यादी बाळगते आणि परके कार्ड दिसताच यंत्र सुरू होण्यासच नकार देते.

येथून ड्रायव्हरचा प्रांत सुरू होतो. ड्रायव्हर म्हणजे प्रणाली आणि सुटा भाग यांच्यातला दुभाषा. 'हे चित्र पडद्यावर काढ', 'हा संदेश हवेत पाठव' असा हुकूम प्रणाली देते. तो त्या विशिष्ट चिपच्या भाषेत उतरवण्याचे काम ड्रायव्हर करतो. चिपची भाषा उत्पादकाने गुप्त ठेवली, तर दुभाषा तोच पुरवू शकतो. त्याने हात झटकले की भाग शाबूत असून मुका होतो.

नेटबुकांच्या पिढीने हे भरपूर सोसले. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपा अनेक यंत्रांत होत्या, पण लिनक्ससाठी त्यांचा खुला ड्रायव्हर नव्हता. तेव्हा स्वयंसेवी प्रोग्रॅमरांनी चिपचे वर्तन बाहेरून निरखून तिची भाषा उलगडली आणि 'बी४३' हा ड्रायव्हर लिहिला. इतर काही जण विंडोजचाच ड्रायव्हर एका वेष्टनात गुंडाळून लिनक्सवर चालवत. ब्रॉडकॉमने स्वतःचा खुला ड्रायव्हर सप्टेंबर २०१० मध्ये दिला, तोही प्रथम नव्या चिपांपुरता. मुलांच्या एक्सओलाही हे चुकले नाही. बाकी यंत्र खुले, पण त्याच्या मार्व्हेल वाय-फाय चिपमधील फर्मवेअर बंदिस्त होते, आणि त्यावर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत कडाक्याचा वाद झाला.

चित्रचिपची कथा याहून कडू आहे. ॲटम मालिकेतील काही प्रोसेसरांसोबत इंटेलने 'जीएमए ५००' नावाची चित्रचिप दिली. तिचा गाभा इंटेलचा नव्हता. तो ब्रिटनच्या इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीजकडून परवान्याने घेतलेला होता. डेलच्या मिनी १२ सारख्या यंत्रांत ती होती. गाभ्याची भाषा इंटेलला उघड करता येत नव्हती, त्यामुळे लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांवर ही यंत्रे वर्षानुवर्षे अडखळत राहिली. अखेर ॲलन कॉक्स या ज्येष्ठ प्रोग्रॅमरने २०११ मध्ये खुला ड्रायव्हर घडवला. पडदा उजळला, पण त्रिमितीय चित्रणाचा वेग मिळाला नाही. पुढे २०१७ मध्ये याच घराण्याच्या चित्रचिपा असलेल्या २०१२ च्या 'क्लोव्हर ट्रेल' ॲटम यंत्रांना विंडोज १० ची नवी आवृत्ती मिळेनाशी झाली. इंटेलचा आधार संपला होता. मायक्रोसॉफ्टने त्यांना जानेवारी २०२३ पर्यंत केवळ सुरक्षा-दुरुस्त्या देण्याचे मान्य केले. पाच वर्षांचे यंत्र एका न लिहिलेल्या ड्रायव्हरमुळे निवृत्त झाले.

तमिळनाडूत या प्रश्नाचा व्याप सरकारी पातळीवर पोहोचला. १५ सप्टेंबर २०११ रोजी मुख्यमंत्री जयललिता यांनी विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. खरेदी एल्कॉट या राज्य महामंडळाकडे होती, आणि पहिल्याच वर्षाचे लक्ष्य ९.१२ लाख लॅपटॉपांचे होते. विंडोजसोबत सी-डॅकची बॉस प्रणालीही त्या यंत्रांवर आली. २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा आधार संपत असताना राज्याने आपल्या खात्यांना बॉस वापरण्याचा सल्ला दिला. एक राज्य सरकार जुन्या यंत्रांच्या आयुष्याचा विचार प्रणालीच्या अंगाने करते, हे उल्लेखनीय होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याने पुन्हा दोन वर्षांत २० लाख महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना संगणकीय साधने देण्याची घोषणा केली. ज्या घरात हे यंत्र पहिलेच असते, तेथे ते थोरल्याकडून धाकट्याकडे जाते. थोरली पदवी घेऊन बाहेर पडते तेव्हा धाकटा दहावीत असतो. त्याच्यापर्यंत पोहोचताना यंत्र जिवंत असेल का, हा त्या घरापुरता शिक्षणाचाच प्रश्न असतो.

श्रीपेरुंबुदूरमध्ये दरम्यान नवी लाट आली. ऑगस्ट २०२० पासून तेथील फ्लेक्स कंपनीच्या कारखान्यात एचपीचे लॅपटॉप बनू लागले. २ ऑक्टोबर २०२३ पासून त्याच ठिकाणी एचपी आणि गूगल यांची क्रोमबुके तयार होऊ लागली, प्रामुख्याने विद्यार्थ्यांसाठी. त्याआधी मे महिन्यात केंद्राने संगणक उत्पादनासाठी १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली होती. गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमबुकांना दहा वर्षे अद्ययावत ठेवण्याचे जाहीर केले, ही मोठी सुधारणा. पण ती एक तारीखही आहे, आणि ही दहा वर्षे त्या मॉडेलचा मूळ संच बाजारात आल्यापासून मोजली जातात, विद्यार्थ्याच्या खरेदीपासून नव्हे. शिवाय स्वस्त, पातळ यंत्रांत स्मृती आणि साठवण बहुधा पाटावरच डाखलेली असते. २००८ च्या नेटबुकाचे दोन स्क्रूंचे झाकण आता दुर्मीळ झाले आहे.

जुन्या ॲटम यंत्रांना आता आणखी एक भिंत दिसते आहे. एन२७० केवळ ३२ बिटांचा प्रोसेसर. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने अशा यंत्रांसाठी स्थापनेची सोय बंद केली. डेबियन १२ वर त्यांना जून २०२८ पर्यंत दीर्घकालीन आधार आहे. म्हणजे व्यापारी प्रणालीने सोडल्यानंतरही खुल्या प्रणालीने या प्रोसेसराला जवळजवळ वीस वर्षे सांभाळले. ६४ बिटांच्या थोड्या नंतरच्या यंत्रांना तर पुढेही वाट मोकळी आहे.

लॅपटॉपच्या एकूण कार्बनभाराचा मोठा वाटा तो वापरण्यात नव्हे, तर बनवण्यात खर्च होतो. त्यामुळे चालते यंत्र तीन-चार वर्षे अधिक वापरणे हा पर्यावरणाचा सरळ हिशेब आहे. केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात त्याचे संकेतस्थळ आले, १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले, आणि मे २०२५ मध्ये मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल सादर झाला. या निर्देशांकात स्क्रू, सुटे भाग आणि किंमत यांच्या बरोबरीने ड्रायव्हर व फर्मवेअर किती वर्षे मिळणार, हेही गुणांकनात मोजले गेले पाहिजे. ते खोक्यावर छापले गेले, तर श्रीपेरुंबुदूरहून निघणाऱ्या यंत्राचे आयुष्य विकत घेणाऱ्याला आधीच कळेल.

खैराटच्या मुलांना मिळालेल्या यंत्राच्या मुठीत जादा स्क्रू होते. ते ठेवणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरली होती: हे यंत्र कधीतरी बिघडेल, आणि तेव्हा ते कोणीतरी उघडेल. देशात बनणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपाबाबत एवढे गृहीत धरले गेले, तरी पुष्कळ झाले.

#विज्ञानवार्ता #संगणकाचा_इतिहास #दुरुस्तीचा_हक्क