दुनळी रायफल आणि दुसऱ्या गोळीची जबाबदारी



ग्वाल्हेरच्या इतिहासाविषयी बोलताना आपण पानिपत, महादजी शिंदे आणि सालबाईचा तह यांची नावे अभिमानाने घेतो. परंतु संस्थानी कारभारात ‘शिकारखाना’ आणि ‘सिलेखाना’ अशीही खाती असत, आणि त्यांचाही एक इतिहास आहे. त्यातील एकाच वस्तूचा, मोठ्या शिकारीसाठी विलायतेहून आणविल्या जाणाऱ्या दुनळी रायफलीचा, परामर्श आज घ्यावयाचा आहे. ही रायफल कोणत्या कसोट्यांवर निवडली जाई, ती कोठून येई आणि त्या निवडीवर कोणाची सत्ता चाले, हे प्रश्न वरवर पाहता छंदाचे वाटले, तरी त्यांची उत्तरे त्या काळाविषयी बरेच काही सांगून जातात.

प्रथम या शस्त्राचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. दुनळी रायफल म्हणजे एका दस्त्यावर बसविलेल्या दोन स्वतंत्र बंदुका होत. नळ्या दोन, चाप दोन आणि आतील यंत्रणाही दोन. एक बाजू बिघडली तरी दुसरी चालते. पहिला बार झाल्यावर हात हलवून नवे काडतूस नळीत आणावे लागत नाही. बोट एका चापावरून दुसऱ्यावर नेले की पुरे. जखमी वाघ झेपावत असता माणसाला जो क्षणार्ध मिळतो, त्यात दुसरी गोळी निश्चितपणे सुटावी, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप होता.

या शस्त्राची वाढ टप्प्याटप्प्याने झाली. सातपुड्याच्या रानात वावरलेले कॅप्टन जेम्स फोर्साइथ यांचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या पिढीचा भरवसा मोठ्या तोंडाच्या नळीवर आणि शिशाच्या गोल गोळ्यावर होता. पुढे हलक्या, पोकळ टोकाच्या, वेगवान गोळीच्या ‘एक्स्प्रेस’ रायफली आल्या. अशी गोळी मोठ्या जनावराच्या अंगात खोल न शिरता वरच फुटते, असा आक्षेप सर सॅम्युएल बेकर यांच्यासारख्या अनुभवी शिकाऱ्यांनी घेतला. काळ्या दारूचा धूर ही आणखी एक अडचण होती. बार झाल्यावर क्षणभर समोरचे दिसतच नसे. १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बी यांनी कॉर्डाइट या धूरविरहित दारूवर चालणारे .४५० बोअरचे काडतूस बाजारात आणले. त्यातील सुमारे ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ६५० मीटर वेगाने सुटे. येथून दुनळी रायफलीचे वैभवाचे युग सुरू झाले.

आता निवडीकडे वळू. जाणता ग्राहक चकाकीला भुलत नसे. तो प्रथम सावज कोणते हे ठरवी. वाघासाठी मऊ टोकाची, अंगात पसरणारी गोळी हवी. गवा किंवा हत्ती यांच्यासाठी जाड हाडातून आरपार जाणारी टणक गोळी हवी. मग वजन पाहावयाचे. .४७० बोअरची रायफल सुमारे पाच किलोची, तर .६०० बोअरची सुमारे सात किलोची. मचाणावर बसणाऱ्यास वजन जाचत नाही, पायी चालणाऱ्यास मात्र ते दुपारपर्यंत दमविते. दस्ता खरेदीदाराच्या हाताच्या व मानेच्या मापाने घडविला जाई. रायफल खांद्याला लागताच नजर आपोआप माशीवर यावी, ही कसोटी. संध्याप्रकाशात दिसावी म्हणून हस्तिदंताची किंवा मिन्याची पांढरी जादा माशीही बसवून घेत. रिकामी काडतुसे आपोआप बाहेर फेकणारी योजना काहींना सोयीची वाटे. तिचा खटका रानाच्या शांततेत ऐकू जातो म्हणून काही ती मुद्दाम नाकारीत.

परंतु खरे कसब दोन नळ्या जुळविण्यात होते. शेजारी शेजारी बसविलेल्या दोन नळ्यांच्या गोळ्या ठराविक अंतरावर एकाच जागी लागाव्यात म्हणून कारागीर प्रत्यक्ष बार काढून पाही, नळ्यांच्या तोंडांमधील पाचर किंचित हलवी, आणि पुन्हा बार काढी. ही जुळणी एका विशिष्ट वजनाच्या गोळीला आणि दारूच्या विशिष्ट मापालाच लागू पडे. शिवाय कॉर्डाइट उन्हाने तापले की नळीतील दाब वाढतो. म्हणून उष्ण देशांसाठी कमी दारूची वेगळी काडतुसे निघाली. लंडनच्या थंडीत जुळविलेली नळी मध्य हिंदुस्थानच्या मे महिन्यात कशी वागेल, हा प्रश्न न विचारणारा ग्राहक पैसा आणि जीव दोन्ही धोक्यात घाली.

खरेदीचे मार्ग दोन. संस्थानिक व बडे अधिकारी पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स अशा विलायती कारखान्यांना थेट मागणी पाठवीत. इतरांसाठी कलकत्त्यात मँटन आणि रॉडा यांच्यासारख्या पेढ्या होत्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला मात्र परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची मनाई होती. याच रॉडा कंपनीच्या मालातून २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि सुमारे ४६ हजार काडतुसे पळविली. ज्या पेढीवर साहेबाची शिकारीची हौस भागे, तिच्याच मालातून क्रांतिकारकांच्या हाती शस्त्र गेले.

सत्तेची ही धास्ती बोअरच्या आकड्यांतही उमटली आहे. १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० बोअरच्या खासगी रायफली व काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास बंदी घातली. या बोअरचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडून जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफलींसाठी वापरला जाईल, ही भीती त्यामागे होती. म्हणून बंदूककारांनी .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी किंचित मोठ्या बोअरची काडतुसे पुढे आणली. जनावराच्या दृष्टीने या आकड्यांत फारसा भेद नाही. भेद होता तो राज्यकर्त्यांच्या मनातील अविश्वासाचा. सलामीच्या तोफा मिळविणाऱ्या राजांनाही कोणत्या मापाची रायफल बाजारात मिळावी, हे अखेर लंडन आणि कलकत्ताच ठरवीत होते.

त्याच १९०७ सालची दुसरी घटना अधिक विचार करावयास लावते. जिम कॉर्बेट यांनी त्या वर्षी कुमाऊँमधील चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर चारशेहून अधिक माणसांचे बळी होते. तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले आढळले. ती जुन्या गोळीची जखम होती आणि तिच्यामुळेच वाघीण नैसर्गिक भक्ष्याला मुकली, असा निष्कर्ष कॉर्बेट यांनी काढला. कोणा अज्ञात नेमबाजाने अर्धवट सोडून दिलेल्या कामाची किंमत डोंगरातील गवत कापणाऱ्या बायाबापड्यांनी चुकविली. ग्वाल्हेरच्या हाकाऱ्यांतही जखमी वाघाचा पहिला धोका मचाणावरील पाहुण्याला नसे. तो पायी चालणाऱ्या, नि:शस्त्र हाकाऱ्याला असे. दुसऱ्या गोळीची जबाबदारी ती हीच.

महाराज माधवराव शिंदे यांनी वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तक लिहिले, यावरून या विद्येकडे येथे किती गांभीर्याने पाहिले जाई हे कळते. ते गांभीर्य खोटे नव्हते. एका जनावराला वेदनेत सोडू नये, एका हाकाऱ्याचा जीव जाऊ नये, हा शिकारीचा धर्म अनेकांनी निष्ठेने पाळला. तथापि प्रत्येक वाघाचा नीट विचार करणाऱ्या या परंपरेने एकूण वाघांचा हिशेब मात्र फार उशिरा मांडला. शस्त्र जितके अचूक झाले, तितके रान लवकर रिकामे होत गेले. अधिवासाचा नाश आणि चोरटी शिकार हीही कारणे होतीच, परंतु मचाणावरून झालेल्या संहाराचे दायित्व त्यामुळे कमी होत नाही. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ नोंदले गेले, आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला.

शिंद्यांचे राखीव शिकारीचे रान असलेल्या शिवपुरीत आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे. तेथून नाहीसा झालेला वाघ मार्च २०२३ मध्ये बाहेरून आणून पुन्हा सोडावा लागला, आणि मार्च २०२५ मध्ये ते रान व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. म्हणून तरुण मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते की, एखाद्या वाड्यात वा संग्रहालयात अशी दुनळी रायफल पाहाल तेव्हा तिच्या कारागिरीला अवश्य दाद द्या. मात्र तिच्याबरोबर हाकाऱ्यांची हजेरी, परवान्यांच्या नोंदी आणि शिकारखान्याचा जमाखर्चही दप्तरांतून शोधून वाचा. या वस्तूचा अर्धा इतिहास त्या कागदांत आहे, आणि तो लिहिण्याचे काम अजून बरेच उरले आहे.