पाळीचं कोणी विचारलंच नाही

एप्रिल २०२१. अठरा वर्षांवरच्यांची लसनोंदणी सुरू व्हायची होती अन् आमच्या जठारपेठेतल्या बायांच्या मोबाईलवर मेसेज फिरत होता: पाळीच्या पाच दिवस आधी अन् पाच दिवस नंतर लस घेऊ नका. २४ एप्रिलला केंद्राच्या पीआयबीनं तो खोटा ठरवला. खोटाच होता तो. पण त्याच्यासोबत एक खरी गोष्टही उडवून लावल्या गेली.

लस घेतल्यावर मोठ्या जाऊबाई हळूच म्हणाल्या, "काहून व, यावेळी आठ दिवस लांबली माही. तुयी?" माझी वेळेवर आली, पण अंगावरून फार गेलं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणे, टेन्शन घेऊ नका. केंद्रावर अर्धा तास बसवून ताप, ॲलर्जी सगळं विचारत. पाळीचं कोणी विचारलंच नाही.

हे काही नवं नाही. १८९७ मध्ये मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस काढली, तेव्हाही लसीनं मूल होत नाही अशा अफवा उठल्या होत्या. अन् १९१३ मध्येच अमेरिकेतल्या एका डॉक्टरनं टायफॉइडची लस घेतलेल्या बायांची पाळी चुकणं, मागंपुढं होणं, जास्त जाणं, हे लिहून ठेवलं होतं. अफवाही शंभर वर्षांची, नोंदही शंभर वर्षांची! तरी कोविड लसींच्या मोठ्या चाचण्यांत पाळीतले बदल नीट नोंदवल्याच गेले नाहीत.

शेवटी बायांनीच विचारलं. केट क्लॅन्सी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना स्वतःला त्रास झाला, म्हणून त्यांनी सहकाऱ्यांसोबत पाहणी काढली. नियमित पाळी असलेल्यांपैकी ४२ टक्के बायांनी जास्त रक्तस्राव सांगितला. (उत्तरं आपणहून दिलेली, म्हणून हा आकडा सगळ्या बायांना लावता येत नाही.) जानेवारी २०२२ मध्ये ॲलिसन एडेलमन यांचा अभ्यास आला, जवळपास ४ हजार अमेरिकन बायांच्या ॲपमधल्या तारखांवरून. दोन पाळ्यांमधलं अंतर सरासरी एका दिवसाहूनही कमी वाढलं होतं, अन् पुढं ते पूर्ववत झालं. आठ-आठ दिवस फरक पडलेल्याही होत्या, पण थोड्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपच्या औषध संस्थेनं फायझर अन् मॉडर्नाच्या माहितीपत्रकात जास्त रक्तस्रावाचा उल्लेख करायला सांगितलं. आपल्याकडं तर कोविशील्ड अन् कोवॅक्सिन होत्या.

तोवर जाऊबाईंची पाळी केव्हाचीच जागेवर आली होती. 'एखादा महिना मागंपुढं होते, घाबरू नका' एवढं कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी दुसरा डोस चार महिने टाळला नसता.